पाठीमागच्या दोन उशा

भाऊजींना वहिनीचा आशीर्वाद. (धाकट्या दिराला आशीर्वादच द्यावा लागतो, नाहीतर आज दुसरंच काही दिलं असतं.) तुमचा गुडघा कसा आहे? जाऊबाईंचा खोकला थांबला का? थांबला नसेल तर औषध बदलू नका, तुम्ही बोलणं कमी करा, त्यांच्या घशालाही आराम पडेल. मी बरी आहे. ट्रकही बरा आहे. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही म्हणून कागद घेतला. कागद मध्येच "अहो वहिनी, ऐका तर" म्हणत नाही.

आता तुम्हीच ऐका. पेट्रोल पंपासमोरच्या चहाच्या दुकानात तुम्ही चारचौघांत म्हणालात, "आमच्या वहिनी माल नाही वाहत, उशा वाहतात." हे मला कळलं पंक्चरवाल्याकडून. माझ्या चाकातला खिळा उपसता उपसता त्याने विचारलं, "काय वहिनी, आज गादी नाही आणली?" तेव्हापासून समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर मला पाहिलं की गालाखाली तळहात ठेवून झोपेचं सोंग करतो. परवा एकाने ते करायच्या नादात ट्रक खड्ड्यात घातला. मी थांबले नाही. (खरं सांगायचं तर पुढे जाऊन थांबले, खाली उतरले, त्याला दोर दिला आणि दोराबरोबर चार शब्दही दिले.)

हो, घेते मी पाठीशी दोन उशा. चोरून नाही घेत. तुमचे दादा सहा फूट दोन इंच, आणि मी पाच फुटांना दीड बोट कमी. ते गेले त्याला चौदा महिने झाले. पाच महिने ट्रक दारात उभा होता, नंतरचे नऊ मी चालवतेय, आणि सीट अजून त्यांच्या पायांच्या मापाने पार मागे आहे. उशा नसतील तर माझा पाय ब्रेकला नुसता नमस्कार करून येतो. सीटखालची कळ गंजली आहे, सरकत नाही. (तेल घाला म्हणाल. घातलेलं आहे.) आरसे मात्र मी पहिल्याच दिवशी फिरवून घेतले. त्यांच्या उंचीच्या आरशात मला फक्त आभाळ दिसायचं, आणि आभाळ बघून ट्रक मागे घेता येत नाही.

तुम्ही म्हणालात, विकून टाका. गिऱ्हाईकही घेऊन आलात, तो टायरला लाथ मारून बघणारा. तुमचे दादा रोज सकाळी टायर हाताने थोपटून बघायचे. तुम्ही त्यांच्या हाताखाली शिकलात आणि लाथ मारणारा माणूस त्यांच्या दारात आणलात. वर म्हणालात, "वहिनी, आलेल्या पैशात घरात बसून पुस्तकं वाचा." पुस्तकं मी वाचतेच. शाळेने मला शिकवलं नाही, लग्नानंतर तुमच्या दादांच्या शेजारी बसून पुढच्या गाड्यांच्या पाठी वाचत शिकले. म्हणून माझ्या आयुष्यात पहिलं वाचलेलं वाक्य 'अंतर ठेवा' हे आहे. तुम्हीही कधीतरी वाचा. वाचनालयातली दोन कपाटं संपवून मग मी या ट्रकची माहितीपुस्तिका तीनदा वाचली. त्यात एका पानावर लिहिलंय, चालकाने गाडी सुरू करण्याआधी आसन आपल्या मापाचं करून घ्यावं. मी ते पान उलटून पुढे जाते. लिहिणाऱ्याच्या घरातून कधी कोणी गेलेलं नसावं.

असो. रागावले की मी भरकटते. मुद्दा बाटल्यांच्या कारखान्याचा आहे. नऊ महिने मी माल मिळवून देणाऱ्या दलालाच्या बाकावर बसून "ताई, आज काही नाही" हे ऐकलं. (बाकावरच्या बाकीच्यांना काही ना काही असायचं.) मग दलालाला वगळून थेट कारखान्यात गेले. काचेच्या बाटल्या, ठरलेला रस्ता, वर्षभराचं काम, महिन्याच्या महिन्याला पैसे, आणि मधे कोणी साहेब नाही, दलाल नाही, दीर नाही. हे मिळालं तर मी कोणाच्या दारात उभी राहणार नाही. तुमच्याही नाही. त्यांनी सांगितलं, आधी एक खेप नमुन्यादाखल करून दाखवा.

खेप मी उत्तम केली. रस्त्यात एक बाटली वाजली नाही. फक्त कारखान्याच्या फाटकातून आत शिरताना ब्रेकवर पाय दिला आणि वरची उशी मुठीतून साबण सुटावा तशी वर सटकली आणि मानेमागे जाऊन बसली. (आदल्याच दिवशी तिला नवा गुळगुळीत अभ्रा घातला होता. स्वच्छतेचा हव्यास, दुसरं काय.) मी मागे गेले, पाय चार बोटं कमी पडला. ट्रक मुंगीच्या चालीने पुढे गेला आणि 'सुरक्षितता हेच आमचे पहिले काम' या पाटीला टेकला. पाटी सावकाश आडवी झाली. बाटल्या सगळ्या शाबूत, तरी कौतुकाचा एक शब्द नाही.

सुरक्षा अधिकारी आला. चष्मा नाकाच्या टोकाला, हातात वही. उशीकडे बघून म्हणाला, "बाई, पाय पोचत नाहीत तर ट्रक कशाला चालवता?" मी म्हटलं, "पाय पोचतात. उशी पोचत नाही." तो म्हणाला, "मग सीट पुढे घ्या की." मी म्हटलं, कळ गंजली आहे. तो "बघू" म्हणत वाकायला लागला, तशी मी दार ओढून घेतलं आणि म्हटलं, "साहेब, बाईमाणसाच्या गाडीत असं डोकावू नये." नऊ महिन्यांत बाईमाणूस असण्याचा तेवढाच एक फायदा झाला. त्याने वहीत लिहिलं: सोमवारी दहाला पुन्हा तपासणी, सीट चालकाच्या मापाची, उशी चालणार नाही. नाहीतर काम दुसऱ्या ट्रकला. पाटी मी स्वतः उभी करून ठोकून दिली. पहिल्यापेक्षा सरळ आहे.

आता तुम्ही एवढंच करा. त्याच चहाच्या दुकानात, त्याच बाकड्यावर, त्याच चौघांसमोर आपले शब्द गिळा. वर चहा प्या, म्हणजे उतरतील. आणि टायरला लाथ मारणाऱ्याला सांगा, ट्रक विकायचा नाही. वर्षानेही नाही.

रागातली, तरीही नात्याने वडीलधारी,
वहिनी

ता. क. गुडघा साथ देत असेल तर रविवारी सकाळी इकडे या. सीट वीतभर पुढे घ्यायची आहे.

ता. क. दुसरा. पाने-हातोडा काही आणू नका. कळ गंजलेली नाही. काल एक बोट लावून पाहिलं तर लगेच हलली, मी बोट काढून घेतलं. तेल घातलेलं आहे असं मी वर म्हणाले, तेही तुमच्या दादांनीच घातलेलं. अजून टिकलंय. मला ते जमत नाही भाऊजी. नऊ महिने रोज बघते, जमत नाही.

ता. क. तिसरा. मी स्वयंपाकघरात असेन. झालं की हॉर्न द्या, हाक मारू नका. आणि सरकवण्याआधी हवं तर थोडा वेळ तिथे बसून घ्या, मी घाई करणार नाही. तुमचाही भाऊच होता. चहाच्या दुकानात मात्र सांगायचं, गंजच होता, फार जुना, दोघांना मिळून काढावा लागला.