शिसं ओढणारी सूर्यफुलं

३ नोव्हेंबर
आले बाई एकदाची आखाडा बाळापूरला. रस्त्याने अंग खिळखिळं झालं, पण वावर पाहिलं आणि शीण गेला. इथे जुन्या बॅटऱ्या फोडायचा कारखाना होता. तो बंद पडला, शिसं मात्र मातीत राहिलं. ते ओढून घ्यायला आमच्या संस्थेने सूर्यफुलं लावलीत. आता देखभाल माझ्याकडे. शेजारीच पद्माबाईंकडे खोली मिळाली. जय भीम म्हणून आत घेतलं आणि पाठोपाठ लग्नाचं विचारलं. आमचं छान जमणार.

९ नोव्हेंबर
पद्माबाईंचे यजमान कोंडीबा त्याच कारखान्यात राबले. हात इतके थरथरतात की घास भरवावा लागतो. डॉक्टर म्हणाले, शिसं हाडांत मुरलंय. आज पद्माबाईंनी विचारलं, झाडं मातीतलं ओढतात तर माणसातलं काहून न्हाई ओढणार? मी हसून म्हटलं, त्यांना काय, मिळेल तिथून ओढतील. त्या हसल्या नाहीत.

१४ नोव्हेंबर
पद्माबाईंचे वडील वातावर उपाय म्हणून ओल्या मातीत गुडघ्यापर्यंत पाय पुरून बसायचे म्हणे. तसंच पद्माबाईंनी कोंडीबांना आमच्या सूर्यफुलांत बसवलंय. ती माती विषारी आहे, मी रागावले, मग विनवलं. ऐकून घेतलं आणि दुपारी पुन्हा बसवलं.

२० नोव्हेंबर
कोंडीबांनी स्वतःच्या हाताने भाकर खाल्ली. पद्माबाई रडल्या, मीही रडले. मग मला अडवायचा धीर झाला नाही.
पण कोंडीबांभोवतीची सूर्यफुलं बाकीच्यांपेक्षा हातभर उंच झालीत. उन्हाकडे बघतच नाहीत, सगळी त्यांच्यावर वाकलीत. मला ते बघवत नाही.

२६ नोव्हेंबर
कोंडीबा उठायलाच तयार नाहीत. लई बरं वाटून राहिलं म्हणतात. मी हात धरून ओढलं. मनगट दाबलं गेलं, मळलेल्या कणकेसारखं. आत हाड लागलं नाही. झाडांनी शिसं वेगळं काढलंच नाही, हाडांसकट ओढलं.
भयंकर घाबरलेय. पद्माबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, पोरी, थरथर तर थांबली ना.

२७ नोव्हेंबर, सकाळ
विळा घेऊन निघालेय, वही झोळीत असतेच. मुळं तोडायची, कोंडीबांना दवाखान्यात न्यायचं. बाकी काही नाही.

दुपार
माती उकरली. मुळं पायांभोवती नव्हती, पायांतच होती. कोंडीबांचं तोंड मिटत नाही, डोळे हसतात—
चिखलात चपला रुतल्या म्हणून काढल्या. चुकलं. माझे पाय निघत नाहीत. विळा सुटला, हात पोचत नाही.
माझ्यात तर शिसं नाही. झाडांना आता ते नकोच— हाडांचीच चटक—

पद्माबाईंना हाका मारल्या. आल्या. वाटलं, बाहेर काढतील. त्यांनी माझ्या पायांवर माती सारखी केली, पाणी घातलं. तकलीफ न्हाई होत म्हणाल्या, यांनाही सोबत होईल—

दुखत नाही. हेच तर— बरं वाटतंय. मला बरं वाटायला नको, आई—

पेन धरवत नाही. बोटं वाक