सोफ्याचं वय आणि आईचं

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, तेव्हा आठांपैकी जी अंगं वाकतील तेवढ्यांचाच गोड मानून घे.) तुम्ही सगळी खुशाल असाल. आमच्याकडेही बरं आहे. आईची तब्येत तर इतकी ठणठणीत आहे की पुढचं सगळं त्यामुळेच घडलं.

पुढच्या महिन्यात आम्ही लहान घरात राहायला जातोय, हे तुला ठाऊक आहेच. तुझ्या भावजयीने बजावलं की तो सोफा तिथे येणार नाही. तुम्ही म्हणता तसा खरंच फार जुना असेल तर सिद्ध करा, मी माझं कपाट सोडते. ती कपाट सोडायला निघाली याचा अर्थ, माझ्या हातून काही सिद्ध होणार नाही याची तिला खात्री होती. झालं, मी हट्टाला पेटलो. ज्या सोफ्यावर आपण दोघांनी गोवर काढला तो भंगारात जाऊ देऊ? ग्रंथालयातून जुन्या फर्निचरचं जाडजूड पुस्तक आणलं आणि एकेक अवयव चित्रांशी ताडून पाहू लागलो. पाय पाहिले की सोफा राजवाड्यातला वाटे, हात पाहिले की दवाखान्यातला. (पाठींचं प्रकरण कुणीतरी फाडून नेलेलं. लोकांना लाज नाही.) पण एका पानावर लिहिलं होतं की सोफ्याचं खरं वय त्याच्या पोटातून कळतं. म्हणून बॅटरी घेऊन मी सोफ्याखाली शिरलो. छातीपर्यंत आत गेलो, स्प्रिंगा कशाने बांधल्यात ते बघतोय, तोच आई वर येऊन बसली. आईचं वजन आपण ऐकून आहोत, ते मी प्रथमच पाहिलं. मी ओरडलो, तर वरून शांत आवाज आला, "हा शोध सोडतोस का? मग उठते." शेवटी तुझ्या भावजयीने मला ओढून बाहेर काढलं. (लग्नानंतर तिने माझे पाय धरण्याची ही पहिलीच वेळ.) पाठ गेली ती तेव्हाच.

त्यानंतर आई सोफ्यावरून हलेचना. सकाळचं फिरणंही बंद. मला वाटलं, सोफा विकतील म्हणून घाबरली असेल. मी काही मागे हटणारा नव्हतो. जुन्या फर्निचरच्या दुकानातल्या बाईंना बोलावून आणलं. गळ्यात भिंग, हातात पातळ पटाशी, आणि आवाज असा की सोफ्यानेच उठून उभं राहावं. नेमक्या त्याच वेळी आई फिरायला का येत नाही हे बघायला तिच्या मैत्रिणीही येऊन थडकल्या. भिंगवाल्या बाईंनी पायांची घडण पाहिली, आतली सुतळी पाहिली आणि निकाल दिला, "साठ वर्षांच्या आतला नाही." एक मैत्रीण म्हणाली, "पण हा तर तुमच्या लग्नातला ना? यजमानांनी मुद्दाम करून घेतलेला?" दुसरी बोटं मोजू लागली, "सत्तरातून साठ गेले..." आणि ताई, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आईने त्यांना स्वतःचं वय सत्तर सांगितलंय! (एकोणऐंशी हे तुझ्या-माझ्यातच ठेव.)

आईची पापणीही लवली नाही. "नवा कुठला? वापरलेलाच घेतला होता," म्हणाली. बाबांची शान गेली, पण वय वाचलं. मी मनातल्या मनात हात जोडले.

एवढ्यात बाईंनी मागचं कापड उचकटलं आणि म्हणाल्या, "बरोबर सांगताय. खाली जुन्या चुका आहेत." आई पांढरी पडली. (चुका म्हणजे कापड ठोकायचे बारके खिळे, हे मला नंतर कळलं.) तांबड्या कापडाखाली निळं कापड निघालं, लाकडात खिळ्यांच्या भोकांची आणखी एक ओळ. सोफा ऐंशीच्या घरातला. कुणीतरी वापरून विकलेला, वरून नवं कापड चढवलेला. म्हणजे आई खोटं बोलायला गेली आणि खरं निघालं!

सगळ्या गेल्यावर आईने सोफ्याच्या हातावरून हात फिरवला. मग भिंतीवरच्या बाबांकडे बघून म्हणाली, "लबाड! कारागिराच्या डोक्यावर उभं राहून करून घेतला म्हणाला होतास. आणि मी जन्मभर यावर कुणाला ओल्या पायांनी बसू दिलं नाही!" आणि हसायला लागली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "एवढ्याशा पगारात नवा सोफा आणला कसा, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बिचाऱ्याला सांगावं लागलं असतं."

तुझ्या भावजयीने टेप आणली आणि नव्या घरासाठी सोफ्याचं माप घेतलं. कपाट जाणार.

तुझा,
धाकटा

ता. क. सामान हलवायला तू येणार आहेस, आणि मैत्रिणी तुला भेटायला उत्सुक आहेत. आईच्या वयाच्या हिशेबाने तू तिच्या चौदाव्या वर्षी झालीस, म्हणून आईने तुझं वय सत्तेचाळीस ठरवलंय. कृपा करून केस रंगवून ये. मी चव्वेचाळीसचा झालोय, त्यामुळे तुझी भावजय माझ्याहून सहा वर्षांनी मोठी ठरली आणि कालपासून माझ्याशी बोलत नाही.

ता. ता. क. भाऊजींना मात्र घरीच ठेव. लग्नाला किती वर्षं झाली हे ते कुणी न विचारता सांगतात, तेही महिन्यांसकट.