जिवतीची सवाष्ण

२५ जुलै, शुक्रवार
श्रावण लागला. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार धरले. बुधवार-रविवार रुसतील म्हणून तेही धरले. देवासाठी चाललंय सगळं. अंग उतरलं तर तो प्रसाद समजायचा. तेलाचा खर्चा पण कमी.

२९ जुलै
कपाटाच्या आरशातली बाई अजून जाडच. आरसा सासूबाईंच्या वेळचा, पण खोटं बोलत न्हाई. कणीक मळताना हात दुसऱ्या कुणाचे वाटले. बरंच की. थकतील तर ते थकतील, मी न्हाई.

२ ऑगस्ट
सुमेधा म्हणाली, आई, ब्लाउज खांद्यावरून घसरून राह्यलं. पोरीला काय कळतं, टेलरनंच ढिलं शिवलं. घरीच टाके घातले. शिलाई वाचली.

५ ऑगस्ट, दुपार
मत्स्योदरी देवीच्या देवळाच्या पायऱ्यांवर डोळ्यांपुढं अंधारी आली. मंग वरून सगळं दिसायला लागलं. खाली एक बाई आडवी पडलेली, गुरवानं तिच्या तोंडावर पाणी मारलं. तिचा पदर नीट करा, असं ओरडावं वाटलं. समाधीच लागली असणार. हे म्हणाले, जल्दी दवाखान्यात चल. समाधीला दवाखाना कशाला?

७ ऑगस्ट
समोरच्या सुरेखानं उद्या जिवतीची सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं. सवाष्णीनं न्हाई म्हटलं तर त्या घरच्या लेकरांना चांगलं नसतं. बराबर जागी पकडलं. कारस्थान सुमेधाचं, बिलकुल ओळखलं. ठरवलं: नुसतं चाखायचं. तरी पोटात गेलंच तर देवी जेवली, मी न्हाई.

८ ऑगस्ट, शुक्रवार
सुरेखानं पाय धुतले, हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. पाटावर बसवून मोबाइलवर फोटो काढला अन् मला दाखवला.
मी म्हटलं, अगं, ही हडकुळी कोण बसवली? गालफडं बघ बिचारीची. घरचे खायला घालत न्हाईत का? आधी तिला वाढ.
सुमेधानं तोंड फिरवलं.
मंग दिसलं, फोटोतली साडी माझी होती.
सुरेखा पाटाजवळ बसली. म्हणाली, जेवा ताई, तुम्ही उठल्याबिगर आमच्या घरात कुणाला घास न्हाई.
बसले जेवायला. देवी काही आली न्हाई. एकटीच जेवत होते. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.
सुरेखानं विचारलं, तिखट लागलं का?
म्हटलं, हो.
हातात पुरणपोळी होती.