साडेसातचे नाना गेले

मुक्काम असोदा

साक्रीच्या प्रमिलेला थोरल्या बहिणीचा आशीर्वाद, आणि तोही मोठ्या आवाजात. (कागदावर आवाज कसा चढवतात ते शिकवायच्या आधीच मला शाळेतून काढून कापसाच्या शेतात उभी केली होती, तेव्हा तू आपलं समजून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या लेकाची, हेमराजची कंबर? म्हैस व्यायली का, आणि व्यायली असेल तर मला कळवायची पद्धत तुमच्या साक्रीत उरली आहे का? आमच्याकडे बठ्ठं बरं आहे. केळी निसवली आहे, घड बाहेर पडलेत, मुलगा दिवसभर केळीत, सून दिपमाला दिवसभर मोबाईलमध्ये, आणि मी दोघांना जेवायला हाका मारण्यात. अक्षराला हसू नको. मी दुसरीपर्यंत, तू चौथीपर्यंत, म्हणजे तू माझ्या दुप्पट शिकलेली आहेस. नात ऋतिका म्हणाली, आजी तू सांग, मी लिहिते. पण तिला सांगितलं असतं तर पत्र निम्मं झालं असतं आणि गल्लीत चौपट.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. सांगते. आधी सिनेमाचं ऐक.

मागच्या महिन्यात ऋतिकानं मला जळगावला नेऊन मोठ्या पडद्यावरचा सिनेमा दाखवला. नायिका म्हणे कापूस वेचणारी. पमे, नखं लालभडक, बोटाला एक ओरखडा नाही, आणि ओटीत कापूस किती, तर देवाच्या वातीला पुरेल एवढा. गाणं म्हणत एकेक बोंड असं उचलत होती, जसं काही तान्ह्या पोराला झोपेतून उठवायचं आहे. मी ऋतिकाला म्हटलं, हिला दोन दिवस आपल्या शेतावर पाठव, गाणं आपोआप बंद पडेल. पुढच्या खुर्चीवरचा माणूस मागे वळून शूऽऽ करायला लागला. त्याला म्हटलं, दादा, तू कधी वेचलाय का कापूस? तो परत वळला नाही. नायकानं गावभरच्या गुंडांना लोळवलं, पण शर्टाची इस्त्री मोडली नाही. (माझा मुलगा नुसता एसटीत बसून आला तरी त्याचा शर्ट चघळल्यासारखा दिसतो.) आणि नायकाची आई वर्षानुवर्षं आंधळी, ती मुलाचा हात लागल्याबरोबर डोळस झाली. सगळं थेटर रडलं. मी रडले नाही. मी विचार करत होते, की सिनेमात गेलेले डोळे येतात, मोडलेले पाय येतात, जत्रेत हरवलेली पोरं येतात, पण गेलेले कान कुणाचे आलेले मी आजवर बघितले नाहीत. खुर्ची मात्र मऊ होती. दुसऱ्या गाण्याला मला छान झोप लागली.

आता आपल्या साडेसातच्या मालिकेकडे येते. त्या लोकांची खरी नावं तुझ्यामाझ्या तोंडात बसत नाहीत, म्हणून आपण त्यांना घरचीच नावं दिली. झोपाळ्यावर बसून सगळ्यांना अक्कल शिकवणारा म्हातारा, तो अमळनेरच्या आपल्या भावासारखा, रुपचंद नानासारखा, म्हणून तो नाना. त्याची ती गोड बोलून केसानं गळा कापणारी सून, ती धाकली. इतकी वर्षं रोज मालिका संपली की आपला फोन, आणि मालिकेपेक्षा आपला फोन मोठा. तर गुरुवारी काय झालं, त्या धाकलीनं नानाच्या दुधात पुडी टाकली, आणि नाना ग्लास रिकामा करून झोपाळ्यावरच आडवे झाले. मी तुला फोन लावला. तू म्हणालीस, हो. मी म्हटलं, अगं, नाना गेले. तू म्हणालीस, हो ना. मला वाटलं घरात आवाज नीट जात नाही, म्हणून ओट्यावर आले आणि सगळा जीव एकवटून ओरडले, की पमे, आपले नाना गेले! धाकलीनं दुधातून विष दिलं! तरणीताठी सून आणि म्हाताऱ्याचा असा घात केला! तर तू काय म्हणालीस? तू म्हणालीस, हो अक्का, साडीचा रंग फार गोड होता.

मी फोन ठेवून वर बघते, तर शेजारची झुंबरबाई डोक्यावर पदर घेऊन दारात उभी. तिच्या मागे तिची सून, तिच्या मागे निम्मी गल्ली. आपल्याकडे मयताच्या घरी दारावर जायची केवढी घाई असते तुला ठाऊकच आहे, लग्नाला नाही गेलं तर चालतं, दारावर नाही गेलं तर सात पिढ्या काढतात. झुंबरबाईनं माझ्या गळ्यात पडून असा सूर लावला की मला पण क्षणभर वाटलं खरंच कुणीतरी गेलं. नाना किती देवमाणूस, नाना किती दिलदार. (याच बाईनं मागच्या अखाजीच्या सणाला मला सांगितलं होतं, की तुझ्या भावाच्या घरचा चहा म्हणजे गरम पाण्याला चहाची आठवण.) मी म्हणते, बायांनो, तो टीव्हीतला नाना! तर म्हणतात, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला, पाणी द्या तिला. आणि आत आमच्या दिपमालेनं नेमकी शेवभाजीला फोडणी घातलेली! सुतकाच्या घरात तो ठसका! झुंबरबाईची सून पदराआडून खोकत खोकत म्हणाली, आत्याबाई, माणूस गेलं आणि शेवभाजी? दुसरी एक घरून पिठलं-भाकरी घेऊन आली. झुंबरबाईचा नवरा अमळनेरला जायला गाडी बघायला निघाला. आणि कुणीतरी शहाण्यानं, मातीची वेळ विचारायला, सरळ नानाच्याच घरी फोन लावला.

फोन नानानंच उचलला.

नंतर त्यानं मला केला. मला वाटलं शिव्या घालेल. तर म्हणतो, मी अजून जित्ता शे, ते राहू दे, कोन कोन रडनं ते सांग. झुंबरबाईचं सांगितलं तर एवढा खूश झाला की तिला घेऊन ये म्हणाला, आमरस खाऊ घालतो. पण मागून त्याच्या धाकट्या सुनेचा, चारुलताचा आवाज आला. ती गरीब बाई रोज रात्री म्हाताऱ्याला खरंच दूध देते. तिला म्हणे तिच्या माहेराहून विचारलं, की बाई, तू असं का केलंस? आता ती दूध देण्याआधी नानासमोर स्वतः एक घोट पिऊन दाखवते. नानाची तक्रार एवढीच, की घोट मोठा असतो.

नानाचं घर आणि आमचं, दोन्ही घरं हसली, आम्ही पिठलं-भाकरी आणि शेवभाजी दोन्ही संपवली. (झुंबरबाईपण जेवून गेली. आणलेलं परत नेणं बरं नाही म्हणाली.) पण नंतर मला काही हसू येईना. पमे, मी ओट्यावरून ओरडले ते अख्ख्या असोद्याला ऐकू गेलं, पार अमळनेरला पोचलं. फक्त तुला ऐकू आलं नाही, आणि फोन तर तुझ्याच कानाला होता.

मग मला एकेक आठवायला लागलं. मागे त्या मालिकेतला नवरा बदलला, म्हणजे जुना नट गेला आणि नवा आला, तेव्हा तू मला सांगितलंस की हा त्याचा जुळा भाऊ आहे, घरात घुसलाय, आणि त्या बावळट बायकोला अजून पत्ता नाही. तू इतकं रंगवून सांगितलंस, की मला वाटलं डोंगरामुळे साक्रीला वेगळा भाग लागत असेल. म्हणजे तू किती दिवस नुसती चित्रं बघून घरची गोष्ट लावत होतीस? (तुझी गोष्ट त्यांच्यापेक्षा बरी होती, ते कबूल. जुळा भाऊ त्यांना सुचलाच नसता.) आणि दोन वर्षं तू अखाजीला माहेरी नानाकडे येत नाहीस, गुडघे सांगतेस. गुडघे घेऊन तू साक्रीचा सगळा बाजार पालथा घालतेस, ते मला हेमराजनं सांगितलं. आणि हेपण सांगितलं, की त्यानं हौसेनं आणलेलं कानाचं मशीन तू लाडवाच्या डब्यात ठेवलं आहेस, कारण लोक म्हातारी म्हणतील. अगं, तुझं तोंड बघूनच म्हणतात. कान कशाला झाकतेस?

तू चारचौघींत बसून, काही ऐकू न येता, सगळ्या हसल्या की हसतेस. हे मला आवडत नाही. तुला हसायचं असेल तर माझ्या बोलण्यावर हस, दुसऱ्यांच्या दातांवर नको.

सुनेला, नातवंडांना आशीर्वाद. म्हशीला माझ्या नावानं एक घास टाक. कळावे काही नाही, सगळं लिहिलं आहे.

तुझी अक्का,
सुगंधा

ता.क. अखाजीला मी नानाकडे जाणार आहे. हेमराजला सांगितलं आहे, तो तुला अमळनेरला आणून सोडेल. मशीन घालून ये. न घालता आलीस तर झुंबरबाईला तुझ्या शेजारी बसवेन.

ता.क. दुसरा. ती साडेसातची मालिका भिकार आहे. मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तू बघतेस म्हणून मी बघते. तुला ऐकू येत नसेल तर मी एकटीनं ती शिक्षा का भोगू?

ता.क. तिसरा. हे पत्र मिळाल्यावर मशीन कानात घाल आणि मला फोन कर. मी ओरडणार नाही. एकच वाक्य बोलेन, हळू. आयुष्यात ते मी कुणाला बोललेली नाही, आणि दुसऱ्यांदा बोलणार नाही.