गड उजव्या हाताला

अहो आई,

तुमचं चुकत होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी दहा गोष्टी लिहीन आणि मुद्दा बाजूला पडेल. मुद्दा बाजूला पाडण्यात तसाही तुमचा हात कोणी धरला नसता. गडाचा घेरा उलट्या बाजूनं घालायला हवा होता. परवाच्या रविवारी मी तो तसा घालून आले. सोपा आहे. इतका सोपा, की आपण वर्षानुवर्षं जो घाम गाळला तो आठवून परतीच्या गाडीत मला नव्यानं संताप आला.

लग्न होऊन बिबवेवाडीच्या घरात आले तेव्हा सासू खडकीच्या कारखान्यात नोकरीला आहे, एवढंच मला माहीत होतं. ही बाई रविवारी पहाटे साडी वर खोचते, पायांत कॅनव्हासचे बूट चढवते आणि कारखान्यातल्या मैत्रिणी गोळा करून जंगलात जाते, हे बघण्याच्या कार्यक्रमात कोणी सांगितलं नव्हतं. "येतेस?" असं तुम्ही विचारलंत. नवी सून नाही म्हणते थोडीच. तुमचे चिरंजीव तेव्हाही पांघरूण ओढून झोपलेले होते आणि अजूनही रविवारी त्याच स्थितीत असतात, तेवढी खुशाली कळवते.

गडावर चढायचं नाही, हा तुमचा पहिला नियम. "वर सगळं जग जातं, कागद टाकतं आणि खाली येतं." आपण पायथ्याच्या रानातून गडाभोवती गोल फिरायचं. गावातल्या देवळापाशी एस्टीतून उतरायचं, डावीकडे वळायचं आणि दिवसभर गड उजव्या हाताला ठेवायचा. आधी जांभळीची दाट झाडी, त्यातले दोन ओढे, मग पडका दरवाजा. दरवाजा म्हणजे एक कमान आणि दोन्ही बाजूंना ढासळलेले बुरूज, त्यांच्या दगडांतून उगवलेले उंबर. तिथे आपण दशम्या आणि दाण्याची चटणी खायचो. आणि जेवण झाल्यावर, भर दुपारी, भरल्या पोटी, ती घळ. उघडा तापलेला कातळ, सावलीचं नाव नाही, आणि मध्येच छातीइतका उंच दगड. तुम्ही सरसर वर जायचात आणि त्या दगडावरून हात खाली सोडायचात. "धर. नीट धर, भाजी निवडत नाहीयेस." मनगटाला अशी पकड, की बांगड्या रुतायच्या. मी वर पोचले की हात झटकून तुम्ही पुढे चालू लागायचात. बरं वाटलं का, पाणी हवं का, काही नाही.

दुसऱ्याच खेपेला मी म्हटलं होतं, की आपण उजवीकडून निघूया. घळ सकाळच्या गारव्यात लागेल आणि तीही उतरायला, आणि ऊन चढेल तेव्हा आपण ओढ्यांच्या सावलीत असू. यात न कळण्यासारखं काय आहे? तुम्ही काकडी सोलत होतात. मान वर न करता म्हणालात, "देवाला उलटी प्रदक्षिणा घालतात का?"

"गड काय देव आहे का?"

"देव नसेल. पण सरळ आणि उलटं असतंच ना काहीतरी."

हे कोण बोलत होतं? जिनं आयुष्यात एक उपास केला नाही आणि एकादशीला मुद्दाम कांद्याची भजी तळली, ती बाई. तुमच्या मैत्रिणी चटणीत तोंड घालून बसलेल्या. त्यानंतर मी दर हिवाळ्यात तेच म्हणत राहिले आणि तुम्ही दर हिवाळ्यात तेच उत्तर देत राहिलात. खरं सांगू, पुढेपुढे मला त्या घळीचं काही वाटेनासं झालं होतं. मला फक्त तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, की सूनबाई, तुझं बरोबर आहे. पुरणात जायफळ किती, नातीला कुठल्या शाळेत घालायचं, कशातच ते तुम्ही कधी म्हणाला नाहीत. निदान घेऱ्याच्या बाबतीत तरी म्हणावं, असं मनात होतं. आणि मग तुम्ही ऐन पावसाळ्यात चार दिवसांच्या तापानं गेलात, म्हणजे तोही विषय अर्धवटच.

तुमच्यानंतर कोणी गेलंच नाही. तुमची नात, जिला तुम्ही शाळेच्या रिक्षात बसवायचात, ती आता हिंजवडीला नोकरी करते, इतकी वर्षं झाली. मग या दिवाळीनंतर तुमच्या त्या धाकट्या मैत्रिणीचा फोन आला, पॅकिंगला होत्या त्या, मी ज्यांना मावशी म्हणते. म्हणाल्या, "एकदा घेरा घालून येऊ गं, पुढच्या वर्षी गुडघे ऐकणार नाहीत." मी म्हटलं, येते, पण उजवीकडून जायचं. त्या "चालेल की" म्हणाल्या. मला वाटलं होतं, वाद घालतील.

तर आई, घळ आम्ही ऊन यायच्या आत उतरलो, मावशी बसून घसरत आणि मी कातळाकडे तोंड करून. दरवाज्याशी पोचलो तेव्हा भूकही नीट लागली नव्हती. दुपारी ओढ्यात पाय सोडून बसलो, वर जांभळीची सावली, पाण्यात बारके मासे. मला जिंकल्यासारखं झालं होतं. मी म्हटलं, "बघा मावशी, मी काय सांगत होते. आज त्या असत्या तर कबूल करावंच लागलं असतं."

मावशी पाय हलवत म्हणाल्या, "तिनं केलं होतं की."

"काय?"

"कबूल. तू बाळंतपणाला माहेरी गेली होतीस ना, तेव्हा तिनं आम्हाला असंच उलटं आणलं होतं. इथंच बसलो होतो. म्हणाली, सून म्हणते त्यात तथ्य आहे, ही बाजू चांगली. आणि म्हणाली, तिला कोणी सांगायचं नाही. डोक्यावर बसेल."

सगळ्यांना माहीत होतं, आई. अख्ख्या पॅकिंग खात्याला माहीत होतं, मला सोडून. त्यानंतर मी बाळंतपणाहून आले, पुन्हा यायला लागले, आणि तुम्ही मला पुन्हा भर दुपारी त्याच घळीतून वर ओढत राहिलात. वर ती प्रदक्षिणा ऐकवत राहिलात. मी मावशींना विचारलं, मग पुन्हा डावीकडूनच का? त्या म्हणाल्या, "ते तिलाच ठाऊक. आम्ही कोण विचारणार तिला?" मला इतका राग आला, की मी उरलेली दशमी ओढ्यात टाकली. माशांनी खाल्ली.

हे तुम्हाला पोचणार नाही आणि त्यात टपालखात्याचा काही दोष नाही. पण भांडण अर्धवट ठेवायची मला सवय नाही, म्हणून आणखी एक सांगून थांबते. सकाळी घळ उतरताना तो उंच दगड आला. मी पाय खाली टेकवला, नीट उभी राहिले, काही अडचण नव्हती. तरी माझा हात आपला वरच राहिला, मनगट पुढे करून. मावशींनी खालून विचारलं, तोल जातोय का गं? मी हो म्हटलं.