दादाच्या नावाचा बिल्ला

सिल्वासा, रविवार

ती. आईस परागचा नमस्कार.

मी बरा आहे. डबा वेळेवर येतो. तुझा गुडघा कसा आहे? वहिनी पुन्हा शाळेत शिकवायला जाऊ लागली का?

काल इथे पर्यावरण सांभाळून धंदा करणाऱ्यांचा मेळावा झाला. दादा दरवर्षी मला घेऊन जायचा, तोच. कचरा नको म्हणून नावांचे बिल्ले जाताना परत घेतात आणि पुढच्या वर्षी तेच मांडतात. ही कल्पना दादाचीच. माझा बिल्ला उचलायला गेलो, तर शेजारीच त्याचा होता. श्रीधर गायधनी. तो गेल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

लोक एकमेकांना कार्डं देत होते, सांडपाण्यावर बोलत होते. माझं लक्ष त्या टेबलावरच. शेवटी तेवढा एकच बिल्ला उरला. आवरणाऱ्या मुलीने विचारलं, "हे सर आले नाहीत का?"

खरं सांगायला हवं होतं. पण तोंडून निघालं, "उशीर होईल त्यांना."

तिने बिल्ला परत टेबलावर ठेवला. मग मलाही निघता येईना. हॉलला कुलूप लावायची वेळ झाली, तोवर मी तिथेच बसून होतो.

वहिनीला यातलं काही सांगू नकोस. वेळेवर जेवत जा.

तुझा,
पराग