प्रज्ञाचा मांडव कधी घालायचा

प्रज्ञाचे आजोबा, जयभीम.

सगळ्यात आधी आली ती पोराची आत्या! पोरगा आन त्याचा बाप जीप लावीस्तोवर ही बाई थेट आपल्या स्वयंपाकघरात. पिंगळीची माणसं, लय चौकस. आपल्या नातीला बघायला आली का माझे डबे बघायला, कोण जाणे! तुमच्या फोटूशी बोलले की सून हसती, म्हून लिहायला बसले. तुमाला सांगितल्याबिगर चैन पडंना.

पोहे खाता खाताच पोराच्या बापानं लग्नाचं काढलं. वैशाखात, भर दुपारी, मोकळ्या रानात मांडव, सारं गाव जेवायला.

प्रज्ञा म्हणाली, “काका, वैशाखात नको.”

पहिलं स्थळ तिच्या अशाच बोलण्यावरून मोडलेलं. सुनेनं सकाळीच बजावलं होतं, गप बसून रहा म्हून. पर शाळेत विज्ञान शिकवती ना ती! ऊन किती वाढलंय, पाऊस कसा एकदम कोसळायलाय, सगळं सांगितलं. समुद्र तापला की तिकडच्या वादळाला जोर चढतो म्हणं.

आत्याबाई म्हणाल्या, “वादळं आमच्या टायमाला बी व्हायची. त्यात नवं काय?”

प्रज्ञा म्हणाली, “दूध आधी बी उतू जायचं, आत्या. गॅस मोठा केल्यावर काय होतं? आपल्याकडच्या वळवाच्या वाऱ्याचं अजून ठाम कुणी सांगत न्हाई. पर समुद्रावरच्या वादळाचं त्या दुधावानीच हाय.”

“मंग तो चहा बघ आधी,” म्हणत आत्याबाईच उठल्या आन गॅस बारीक केला.

बोलणं फिसकटू नये म्हून मी आपल्या लग्नाचं सांगत सुटले. आठवतं का, पेडगावात लग्नाची अष्टगाथा म्हणणं चालू आन वारा सुटला? मी तुमाला हार घातला, आन तुमी गळ्यातल्या हारासकट पळत जाऊन मांडवाच्या मेढीचा खांब धरला! माझा हार मीच घालून घेतला. अजून रुसलेली हाय बरं का मी. मेढ धरायला दुसरं कुणी न्हवतं का हो?

हसता हसता आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तवर पोरगा प्रज्ञाकडं बघून म्हणाला, “मेढ मी बी धरीन. पर हिवाळ्यात केलं तर हात मोकळे राहतील.”

काय लाजली आपली पोरगी! पोराचा बाप मातर हो न्हाई की ना न्हाई. उठले, जीपमधी बसले. मी म्हणलं, गेलं हे बी.

तेवढ्यात आत्याबाई माघारी आल्या, छत्री राहिली म्हून. छत्री हातातच होती त्यांच्या! माझ्या कानाशी म्हणाल्या, “भावाला मी बघते. थंडीतलीच तारीख धरू.”

आता माझा शब्द घ्या. प्रज्ञाला हार नवरदेवच घालंल, त्याच्या दोन्ही हातांनी. मेढीपाशी कुणी गेलंच तर मी जाईन.

साखरपुड्याचं बोलायला येत्या मंगळवारी येतो, असा पोराच्या बापाचा निरोप आलाय.

तुमची, अजून रुसलेली,
सुमन